तार छेडण्याआधी

१

माझं कामच ऐकण्याचं आहे. सोलापुरात एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात मी लोकांचे कान तपासते. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचा आणि आवाज आला की बटण दाबायला सांगायचं. काही माणसं आवाज नसतानाही बटण दाबतात. कुणी घाबरून, कुणी मला बरं वाटावं म्हणून. मी काही बोलत नाही, नोंद करते. आठ वर्षांत एवढं कळलंय, की आवाज असणं आणि ऐकू येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून, पुढं जे सांगणार आहे ते मी स्वतःवर पुष्कळदा तपासून मग सांगते आहे.

रविवारी दुपारी मी बेस गिटार वाजवते. आमचा तिघांचा बँड आहे. इफ्रा गाते आणि गिटार वाजवते. एरवी ती उर्दू शाळेत विज्ञान शिकवते. ड्रमवर बसू. तो अक्कलकोटकडचा, धंद्यानं वायरमन. साखर पेठेत एक बंद पडलेली यंत्रमागाची शेड आहे, तिथं आम्ही सराव करायचो. शेड गंगम्मांची. नवरा गेल्यावर त्यांनी माग विकले, पण मागांचे सुटे लोखंडी भाग, दांडे, चाकं वर लाकडी माळ्यावर तशीच पडून होती. त्या माळ्याखाली गारवा असायचा. तिथंच भिंतीला टेकून, मांडीवर सूप घेऊन गंगम्मा दिवसभर विड्या वळत बसायच्या.

पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, "आवाजाचा त्रास होईल का तुम्हाला?"

"माग बंद झालं तवापासून मला झोप येत न्हाई अम्मा," त्या त्यांच्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाल्या. "गप घरात भ्या वाटतं. तुमी वाजवा."

२

इफ्राच्या पायाशी एक डिस्टॉर्शन पेडल असायचं. लोखंडी डबी, वर एक खटका. पायानं दाबला की गिटारचा आवाज फाटतो, खरखरीत होतो, अंगावर येतो. तिनं ते दाबलं की माझा साधा बेस गोधडीखालून आल्यासारखा वाटायचा. मलाही तसंच पेडल हवं होतं.

तिचं लावून पाहिलं, मग दुकानातून आणखी दोन आणून पाहिली. तिन्हींचा दोष एकच. खटका दाबला की फाटलेला आवाज यायचा, पण बेसचं वजनच जायचं. पोटात जाणवणारा घुमारा गायब, आणि वर डासासारखी नुसती गुणगुण. ती पेडलं गिटारसाठी केलेली. खालचे सूर त्यांना पेलत नाहीत.

"विजापूर वेशीत राजेसाब चाचा आहेत," इफ्रा म्हणाली. "अब्बूंचा रेडिओ तेच दुरुस्त करायचे. ते हातानं बनवून देतील."

राजेसाब सत्तरीच्या पुढचे. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की त्यांना पाय आवरून घ्यावे लागत. त्यांनी माझा बेस मांडीवर घेतला, जाड तार छेडली आणि लाकडाला कान लावून आवाज पूर्ण विरेपर्यंत तसेच बसले.

"हौ, कळलं बेटा," ते म्हणाले. "आपण आवाजाला दोन रस्ते करू. खालचा आवाज सरळ जाऊ दे. त्याला हात नक्को लावायचा. वरचा तेवढा फाडू. म्हणजे आवाज फाटेल, तुटणार नाही."

आठ दिवसांनी त्यांनी डबी हातात ठेवली. ॲल्युमिनियमची, वर रंग नाही, नाव नाही. फिरवायच्या तीन मुठी, एक खटका, एक लाल दिवा. आत नऊ व्होल्टची बॅटरी. मी तिथंच लावून पाहिलं. खाली भिंतीसारखा भक्कम सूर आणि वर रेशीम टरकावल्यासारखा दुसरा. दोन्ही एकत्र. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. वाजवायला लागून अकरा वर्षं झाली होती आणि माझा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते.

"शुक्रिया चाचा," मी म्हणाले.

"वाजव बेटा. मला इतक्यात फारसं ऐकू येत नाही, पण हात लावला की कळतं."

३

पहिले तीन रविवार सणासारखे गेले.

"काय झालंय की तुला," बसू म्हणाला. "लई नेमकं वाजवायलीस. मला आता लय धरायलाच लागत न्हाई, तूच पुढं ओढतीस."

त्याच्या या बोलण्यातच चूक पहिल्यांदा दिसली. मी पुढं ओढत नव्हते. मी तालावरच वाजवत होते.

मग माझं लक्ष जायला लागलं. खालचा साधा सूर बोटाबरोबर येत होता. वरचा, फाटलेला सूर किंचित आधी येत होता. दाराला हात लावायच्या आत आतून कडी निघावी, तसा.

मी स्वतःलाच म्हटलं, कानाला फसवणं सोपं असतं. तू हे रोज बघतेस. मग लॅपटॉपवर दोन वेगळ्या पट्ट्यांवर रेकॉर्ड केलं, एकीवर तारेचा सरळ आवाज, दुसरीवर पेडलचा. दोन्ही रेघा एकाखाली एक लावल्या. पेडलची रेघ बारा मिलिसेकंद आधी उठत होती.

इफ्रानं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "सॉफ्टवेअरची चूक आहे. उशीर होतो, माहितेय. पण परिणाम कारणाच्या आधी येत नसतो, अपेक्षा. मी हे सातवीला शिकवते."

वायरी बदलल्या. बॅटरी बदलली. बसूच्या ओळखीच्या एकाचा लॅपटॉप आणला. बारा. पुढच्या रविवारी चाळीस. त्याच्या पुढच्या रविवारी मोजायची गरजच उरली नाही, कारण तो फरक आता नुसत्या कानाला कळत होता.

४

मी परत विजापूर वेशीत गेले. राजेसाबांनी मागचे चार स्क्रू काढून डबी माझ्यासमोर उघडी ठेवली. आत काही विशेष नव्हतं. एक चिप, चार-दोन डायोड, काही बारके रंगीत भाग, पिवळी-निळी वायर.

"हे बघ," ते चिमट्यानं दाखवत म्हणाले, "हितून येतो, हितं फाटतो, हितून जातो. यात वेळ कुठं बसंल बेटा?"

"मग असं का होतंय चाचा?"

त्यांनी डबीचे चारही स्क्रू परत आवळले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, काळजीनं. आमच्या दवाखान्यात डॉक्टर पेशंटकडे बघतात तसं. "तू झोपतेस ना नीट? ठेवून जा हवं तर. दुसरी करून देतो."

ठेवून यायला हवी होती. मी नाही ठेवली. तो आवाज सोडवत नव्हता.

त्या आठवड्यात शेडमध्ये एकटीच होते. म्हणजे मी आणि गंगम्मा. अंतर आता जवळपास चार सेकंदांचं झालं होतं. मी खटका दाबला आणि तारांना हात न लावता थांबले. ॲम्प्लिफायरमधून फाटलेला सूर आला. जाड तार, मोकळी. चार सेकंदांनी ती मी छेडणार होते, कारण माझं बोट तिच्याच वर होतं. मी मनाशी म्हटलं, नाही छेडायची. बोट उचललं, हात मागं घेतला आणि मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

काहीच झालं नाही. खालचा सूर आला नाही. मी वाजवलंच नव्हतं, तर येणार कसा?

मला हुश्श वाटलं. म्हणजे आपल्याला कुणी बांधलेलं नाही. ठरवलं तर थांबता येतं.

आणि लगेच दुसरं लक्षात आलं. मी तार छेडली नाही. मग मला ऐकू आला तो सूर कुणी छेडला?

माळ्याखालून गंगम्मांची कात्री करकरत होती. पानाच्या कडा कापल्या जात होत्या. "काय ग अम्मा," त्यांनी विचारलं, "गप का झालीस? वाजव की."

५

मी इफ्राला सांगितलं. ती हसली नाही. "मला दाखव. एकदा. मग ते पेडल चाचांना परत द्यायचं," ती म्हणाली. मी कबूल झाले.

तो मेमधला रविवार होता. दुपारचे साडेतीन. पत्र्याचं छत कडकड वाजत होतं, उन्हानं पत्रा फुगला की वाजतो तसं. शेजारच्या मोकळ्या जागेत पाया खणायचं काम दोन दिवस चाललं होतं, पण त्या वेळी यंत्र बंद होतं. गंगम्मा त्यांच्या जागी होत्या. बसू ड्रमच्या मागं, इफ्रा माझ्यासमोर उभी. बेस माझ्या गळ्यात होता. मी दोन्ही हात वर करून इफ्राला दाखवले आणि पायानं खटका दाबला.

आधी काहीच नाही. मग ट्रकभर लोखंड एकदम ओतावं तसा आवाज. इफ्रानं कानांवर हात ठेवले. तो थांबतो की नाही असं वाटेपर्यंत चालला. मग नुसतं सुस्कारल्यासारखं काहीतरी. धूळ बसते तेव्हा आवाज होत असेल तर तसाच होईल.

मग जाड तार. एकदा.

मध्ये खूप वेळ.

पुन्हा एकदा. नेहमीचा माझा ठोका नव्हता तो. बोट तारेवरून घसरत होतं.

जुन्या बेसच्या पिकअपजवळ, म्हणजे तारांखालच्या आवाज टिपणाऱ्या पट्टीजवळ, तोंड नेऊन बोललं तर बोललेलं ॲम्प्लिफायरमधून ऐकू येतं. पण तोंड अगदी जवळ लागतं, तारांना ओठ टेकतील इतकं. तसा एक आवाज आला. घोगरा, धाप लागलेला. मी तो पहिल्याच शब्दाला ओळखला, कारण रेकॉर्डिंगमध्ये तो ऐकायची मला सवय आहे.

"अपेक्षा," माझा आवाज म्हणाला. "गंगम्मांना घे. बाहेर हो."

आणि पुन्हा तार.

६

बसूला शब्द कळले नव्हते, इफ्राला कळले होते. मी बेस काढून ॲम्प्लिफायरला टेकवला आणि माळ्याखाली गेले.

"गंगम्मा, उठा. बाहेर चला."

"का ग? हातातली पानं वाळतील."

"उठा ना, सांगते मग."

"ऊन बघ की बाहेर. डोकं फिरलं का तुझं?"

समजावायला वेळ नव्हता आणि समजावण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंही. मी त्यांच्या मांडीवरचं सूपच उचललं. पानं, तंबाखू, दोऱ्याची रिळं, सगळ्यासकट. आणि दाराकडे पळाले.

गंगम्मा तेलुगूत शिव्या घालत उठल्या. गुडघे दुखतात म्हणणाऱ्या त्या बाई माझ्यामागं अशा धावल्या, की इफ्राला त्यांना धरायची वेळ आली नाही. इफ्रानं बसूला दंडाला धरून ओढलं. आम्ही चौघं गल्लीत उन्हात उभे राहिलो.

काही झालं नाही.

एक मिनिट गेलं. समोरच्या ओट्यावरच्या बायका बघायला लागल्या. गंगम्मांनी सूप माझ्या हातातून हिसकावून घेतलं आणि सांडलेला तंबाखू बघून पुन्हा सुरू झाल्या. बसू हसायला लागला.

"अय्यो, काय खेळ लावलाय दोघींनी? मोबाईल आत हाय माझा. आणतो."

"नको जाऊस."

"अगं आलोच की."

मी त्याच्या शर्टाची मागची बाजू मुठीत धरली. तो ओढायला लागला. कापड टरकलं. मी सोडलं नाही. मला तेव्हा स्वतःची लाज वाटत होती, हेही खरं सांगते. मनात हेच चाललं होतं, की आता काही झालं नाही तर मला आमच्याच डॉक्टरांसमोर बसावं लागणार.

आणि माळा खाली आला.

तोच आवाज होता. जरासुद्धा फरक नव्हता. दारातून धुळीचा लोट बाहेर आला आणि आम्हाला एकमेकांची तोंडं दिसेनाशी झाली.

इफ्रा धुळीतच मोजत होती, मोठ्यानं, शाळेतल्यासारखी. "अपेक्षा. बसू. गंगम्मा. मी. चार. चौघं आहोत. चौघं आहोत."

मग सगळं शांत झालं आणि आतून तार वाजली. एकदा.

"आत कोण हाय?" बसू म्हणाला.

कुणी नव्हतं. माती पडत असेल तारांवर. खडे घरंगळत असतील. ॲम्प्लिफायर अजून चालू होता, एवढाच त्याचा अर्थ. हे सगळं मला त्या क्षणीही सुचलं.

पुन्हा एकदा वाजली. मध्ये तेवढंच अंतर.

"शॉर्ट सर्किट होऊन पेट घेईल," बसू म्हणाला आणि बाहेरच्या भिंतीवरच्या मीटरकडे धावला. मी त्याला थांब म्हणणार होते. का, ते मला सांगता आलं नसतं. त्यानं फ्यूज ओढला.

त्यानंतर तार ऐकू आली नाही.

७

गंगम्मा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत शेजारणीच्या ओट्यावर बसून शेडच्या दाराकडे बघत राहिल्या. मग एकाएकी माझा चेहरा दोन्ही हातांत घेऊन कपाळाला कपाळ टेकवलं आणि मला त्यांच्या भाषेत बरंच काही सांगितलं. मला एक शब्द कळला नाही, आणि सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा तिघांना आपल्या मुलीच्या घरी जेवायला बोलावलं. भात वाढताना त्या पुन्हा पुन्हा मोजायच्या, एक, दोन, तीन, आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवायच्या. बसूनं तिसऱ्यांदा भात घेतला आणि मध्येच ताट खाली ठेवून रडला.

पालिकेचा माणूस बघून गेला. माळ्याचे वासे वाळवीनं आतून पोखरले होते, वर टनभर लोखंड, शेजारी खणलेलं. "आजवर टिकला हेच नवल," तो म्हणाला. इतकं सरळ कारण होतं.

मी राजेसाबांकडे गेले. त्यांना झालं तेवढं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांचा चांगला कान उजवा आणि मी डावीकडे बसले होते. शेवटी त्यांनी हात वर केले. "अल्लाचा शुक्र कर बेटा. माझा नक्को. मी फक्त दोन रस्ते केले."

८

आठ दिवसांनी ढिगारा उपसला. मजूर लोखंड बाहेर काढत होते, आम्ही तिघं दारात उभे होतो. जिथं गंगम्मा बसायच्या तिथं सगळ्यात मोठा दांडा आडवा पडला होता. भिंतीत हातभर खोल घुसला होता तो.

"अपेक्षा," बसूनं आतून हाक मारली. "तुझा बेस हितं कसा काय?"

मी बेस ॲम्प्लिफायरला टेकवून ठेवला होता, समोरच्या भिंतीजवळ. तो सापडला गंगम्मांच्या जागी, दांड्याच्या मागं, दोन फुटांच्या पोकळीत. आडवा. एखाद्यानं जवळ घेऊन निजावं तसा. वायर अजून त्यात होती आणि पेडलपर्यंत ताणली गेली होती. पेडल चेपलं होतं, दिवा विझलेला.

"माळा पडताना उडून आला असेल," इफ्रा म्हणाली. तिनंच म्हणायला हवं होतं आणि ती म्हणाली. मी तिची आभारी आहे.

मी वाकून आत गेले. पोकळीत एकच माणूस मावेल एवढी जागा होती. बेसची मान मोडली होती. तीन तारा तुटल्या होत्या, जाड तार शाबूत. तिच्यावर, पिकअपच्या बरोबर वर, बोट जिथं पडतं तिथं, काहीतरी काळपट वाळलेलं होतं. खालच्या लाकडावरही ओघळलेलं. आणि पिकअपच्या कडेला, धुळीत, ओठ टेकल्यासारखी एक पुसट स्वच्छ जागा.

मी माझी बोटं बघितली. उजव्या हाताची, तार छेडायची दोन्ही, जवळ नेऊन, उजेडाकडे धरून. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"काय हाय?" बाहेरून बसूनं विचारलं.

"काही नाही. येते."

दवाखान्यात आमच्याकडे रक्त तपासायची सोय आहे. एक थेंब खरवडून नेणं मला अवघड नव्हतं. मी ती तार पुसली नाही, खरवडली नाही, तिला हातही लावला नाही. त्या अंधाऱ्या जागेत मी गुडघ्यांवर बसले. गल्लीत गंगम्मा मजुरांना चहा देत होत्या आणि साखर कमी पडली म्हणून कुणावर तरी ओरडत होत्या. इफ्रा त्यांची समजूत घालत होती. बसू हसत होता. ते सगळे आवाज इथपर्यंत अगदी स्वच्छ येत होते.

इथं अडकून जिनं हाक मारली होती, तिच्यासारखंच मी पिकअपजवळ तोंड नेलं. अगदी जवळ, जेवढं जवळ लागतं तेवढं.

"आलो गं बाहेर," मी म्हणाले. "सगळे आलो. गंगम्मासुद्धा."